कर्णा आणि कंठ

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. शाळेंत मुलांना इतिहास शिकवितांना मींहि वर्षानुवर्षें तोच क्रम पाळला, कारण क्रमिक पुस्तकांत तोच होता. परंतु सामान्य माणसाच्या नित्याच्या जीवनांत जे पालट घडतात, ते पुष्कळदां एखाद्या लहानशा वस्तूच्या आगमनानें घडतात, आणि त्या वस्तूची नोंद बखरकार घेत नाहीं. अशाच एका वस्तूची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे. तिचें पुस्तकी नांव ध्वनिवर्धक. कारागिराच्या तोंडीं ती ‘अॅम्प्लिफायर’ किंवा नुसती ‘मशीन’. आणि खेड्यांतील माणसाला तिचें जें अंग दुरून दिसतें, तो म्हणजे लिंबाच्या झाडाला टांगलेला ‘कर्णा’.

श्रोतेहो, या वस्तूच्या मुळाशीं असलेला प्रश्न फार जुना आहे. एका कंठांतून निघालेला शब्द हजारों कानांपर्यंत पोंचवावा कसा? त्याचीं उत्तरें काळोकाळीं निरनिराळीं मिळालीं. शिरूर आणि दौंड या माझ्या परिचयाच्या दोन तालुक्यांत तीं कशीं मिळालीं, आणि त्याच यंत्रानें सातासमुद्रापलीकडे कोणतें निराळेंच कार्य केलें, हें क्रमानें पाहूं.

प्रथम यंत्रापूर्वींचा काळ. हे दोन तालुके पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगास आहेत. शिरूर गांव घोड नदीच्या कांठीं, पुण्याहून नगरकडे, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेलें. जुनीं माणसें त्यास घोडनदी असेंच म्हणत. दौंड भीमेच्या कांठचें. १८७८ सालीं मनमाडचा लोहमार्ग तेथें येऊन मिळाला आणि दौंड हें नाक्याचें स्थानक बनलें. एकीकडे मोठा रस्ता, दुसरीकडे आगगाडी, यामुळें बाहेरची नवी वस्तु या भागांत लौकर येई. त्यांत जत्रायात्रांचा सुकाळ. रांजणगांवचा महागणपति, कवठ्याची येमाई, भीमेपलीकडे सिद्धटेकचा सिद्धिविनायक. आणि चैत्र लागला कीं गांवोगांवच्या ग्रामदैवतांचे उत्सव. उत्सव आला कीं कुस्त्यांचा आखाडा आला, आणि रात्रीं तमाशा आला.

त्या काळीं तमाशाचा फड उघड्या माळावर उभा राही. गॅसबत्तीच्या उजेडांत ढोलकी, हलगी, तुणतुणें आणि झांज एवढ्या सामग्रीवर रात्र काढावयाची असे. तमाशाची पट्टी उंच कां, हें याच परिस्थितींत समजतें. खालच्या स्वरांतील आवाज माळावर विरून जातो. उंच स्वर वाऱ्यावर पुढें सरकतो. मुख्य गायकाची ओळ संपतां संपतां मागचे झीलकरी तोच स्वर उचलून लांबवीत. रसिक तिला कला म्हणतात, आणि ती कला आहेच. पण माझ्या मतें ती एक व्यवहारी युक्तीहि होती. एका गळ्याचें बळ पुरेनासें झालें, म्हणजे चार गळे त्याच्या पाठीशीं उभे करावयाचे. कीर्तनकाराच्या मागें टाळकरी उभे असतात, त्यांतहि हीच योजना दिसते.

नागर रंगभूमीवरहि हीच अट होती. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें नटाला आपल्या छातीच्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोंचवावा लागे. वाद्यांना निसर्गानें मदत केली होती. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे तारेच्या क्षीण नादाला मोठें करणारी एक पेटीच. मिरजेच्या कारागिरांनीं या भोपळ्याची विद्या पिढ्यान् पिढ्या जतन केली. पण भोपळा झाला तरी तो बैठकीपुरता. जत्रेच्या माळाला तो काय पुरणार?

या प्रश्नाचें उत्तर एका कांचेच्या नळींतून निघालें. १९०४ सालीं इंग्लंडांत जॉन अँब्रोज फ्लेमिंग यानें निर्वात नळींतून विजेचा प्रवाह एकाच दिशेनें वाहवून दाखविला. दोन वर्षांनीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें त्या नळींत तारेची एक जाळी बसविली. या जाळीनें सारा चमत्कार केला. इंग्रजींत या नळीला व्हॉल्व्ह म्हणतात, म्हणजे झडप किंवा दार. हें नांव किती समर्पक आहे, तें दौंड तालुक्यांतल्या शेतकऱ्याला मीं अनेकदां समजावून दिलें आहे. खडकवासल्याच्या धरणाचें पाणी कालव्यानें त्याच्या शिवारांत येतें. पाटकरी एका हातानें दार थोडें वरखालीं करतो; त्याला बळ लागतें थोडें, पण त्याच्या त्या हालचालीबरोबर पाण्याचा मोठा लोंढा कमीजास्त होतो. व्हॉल्व्हमध्यें तप्त झालेल्या भागापासून विजेचे कण निघतात आणि मोठ्या दाबामुळें समोरच्या पत्र्याकडे धांव घेतात. मध्यें जाळीचें दार असतें. गायकाच्या आवाजानें माइकमध्यें उत्पन्न झालेली अगदीं क्षीण वीज त्या दाराशीं येऊन तें हालवीत राहते, आणि पलीकडचा बलवान् प्रवाह तिच्याच तालावर नाचूं लागतो. आवाज वाढतो तो असा. तो गायकाचाच असतो. बळ मात्र उसनें घेतलेलें असतें.

विजेच्या साह्यानें सभेंत आवाज पोंचविण्यासहि फार वेळ लागला नाहीं. १९१५ च्या नाताळांत सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं पीटर जेन्सन व एड्विन प्रिडहॅम यांनीं विजेच्या भोंग्यानें प्रचंड समुदायास संगीत व भाषणें ऐकविलीं. १९१९ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष विल्सन यांनीं सॅन डिएगो येथें त्याच पद्धतीच्या यंत्रांतून सभा संबोधिली. १९२५ सालीं राइस आणि केलॉग या दोघां संशोधकांनीं कागदी पडद्याचा जो नवा स्पीकर सिद्ध केला, त्याचीच संतति आज घरोघरीं आहे.

आपल्या देशांत या यंत्राचा संबंध प्रथमपासूनच राष्ट्रीय चळवळीशीं आला. सिंधमध्यें १९०९ सालीं ग्यानचंद मोटवाने यांनीं विजेच्या मालाचा धंदा सुरू केला. पुढें तो मुंबईस आला आणि ‘शिकागो रेडिओ’ या नांवानें प्रसिद्ध झाला. गांधीजी व पंडित नेहरू यांच्या त्या काळच्या अनेक छायाचित्रांत माइकवर हींच अक्षरें वाचावयास मिळतात. ग्यानचंदांचे चिरंजीव नानिक मोटवाने यांनीं काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविण्याचें काम मोठ्या निष्ठेनें केलें. गांधीजींचा आवाज मुळांत मंद व संथ होता. गर्जना करणाऱ्या वक्त्याला जें साधे, तें या मंद आवाजाला यंत्राच्या साह्यावांचून लाखांच्या सभेंत साधलें असतें असें वाटत नाहीं. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, तेव्हां तो मंद आवाज अफाट जनसमूहापर्यंत जाऊं शकला. त्याच महिन्याच्या २७ तारखेस उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं छापा घालीपर्यंत तो चालला. त्याला साहित्य पुरविण्याच्या आरोपावरून नानिक मोटवाने यांनाहि अटक झाली. दिल्लीची ‘आहुजा’ ही पेढीहि १९४० मधलीच. पुढें गांवोगांवच्या कर्ण्यांवर हेंच नांव अधिक दिसूं लागलें.

खेड्यांत हें यंत्र रुजलें तें मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० सालीं स्थापन झालें, आणि सर्व खेड्यांत तारा पोंचावयास त्यानंतरहि पुष्कळ काळ लागला. तोंवर मोटारीच्या बॅटरीवर चालणारीं मशिनें असत. लग्नाच्या वऱ्हाडांत, निवडणुकीच्या सभेंत आणि जत्रेंत तीं बैलगाडींतून किंवा सायकलीच्या मागें बांधून आणलीं जात. माझ्या बालपणीं, म्हणजे १९६५ ते १९७५ या काळांत, आम्हां मुलांना तमाशापेक्षां त्या पेटीचें आकर्षण अधिक वाटे. पेटीच्या जाळीआड व्हॉल्व्ह तांबूस प्रकाशत. बटण दाबल्याबरोबर आवाज निघत नसे. नळ्या तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबावें लागे. मग मशीनवाला माइकवर फुंकर घाली, ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ असें म्हणे, आणि गांव जागें होई. माइक कर्ण्याच्या तोंडासमोर आला कीं कर्णा शीळ घालूं लागे. कर्ण्याचा आवाज माइकमध्यें शिरावा, मशीनमधून वाढून पुन्हां कर्ण्यांतून निघावा, आणि तोच फिरून माइकमध्यें जावा, असें हें चक्र आहे. मशीनवाला धांवत जाऊन माइकची दिशा बदली. तो या विद्येंत शिकलेला नसे, पण कोणत्या झाडावर, किती उंचीवर व कोणत्या वाऱ्याला तोंड करून कर्णा बांधावा, याचें ज्ञान त्याला पक्कें असे.

या पेटीनें तमाशांत कोणते बदल केले? पहिला बदल चांगला म्हणावा लागेल. नाजुक व खालच्या पट्टींतील गळ्यांनाहि माळावर स्थान मिळालें. लावणींतील हलक्या हरकती, कुजबुजल्यासारखा लाडिक स्वर, वगांतील नर्म विनोद, हें सारें आतां मागच्या माणसालाहि कळूं लागलें. दुसरा बदल तितकासा चांगला नव्हता. पूर्वीं नट चहूंकडे फिरून बोले; आतां माइकच्या दांड्याभोंवतीं सारा फड गोळा होऊं लागला. पाय नाचरे खरे, पण तोंड बांधलेलें! तिसरा बदल पैशाचा. मशीन आलें, तिच्यामागून जनित्र आलें, तें वाहण्यास मालट्रक आला, आणि फडमालकाचा खर्च कैक पटींनीं वाढला. शेजारच्या जुन्नर तालुक्यांत नारायणगांवीं दरवर्षीं फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवोगांवचे पंच सुपारी द्यावयास जातात. तेथल्या बोलाचालींत कलावंतांच्या नांवाइतकीच साउंडची चौकशी होते.

या काळाचे साक्षी असे कलावंत याच परिसरांतले. नारायणगांवच्या विठाबाई (१९३५–२००२) यांची कीर्ति सर्वश्रुत आहे. शिरूर तालुक्यांतील कवठें येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनीं फडांसाठीं लावण्या, गीतें व वग लिहिले. शासनानें त्यांना २०१८ चा विठाबाई नारायणगांवकर जीवनगौरव पुरस्कार दिला. दौंड तालुक्यांत सोलापूर रस्त्यावर चौफुला येथें संगीतबारीचीं कलाकेंद्रें आहेत. तेथें बैठकीची लावणी ऐकली, म्हणजे यंत्राच्या आहारीं न गेलेल्या कंठाची कल्पना येते. माळाचें गाणें निराळें, बैठकीचें निराळें. आणि हा भेद ठरविण्यांत कर्ण्याचा वांटा फार मोठा आहे.

आतां समुद्रापलीकडे जाऊं. आपल्याकडे ज्या व्हॉल्व्हनें माणसाचा कंठ वाढविला, त्यानेंच तिकडे एका वाद्याला नवा जन्म दिला. गिटार हें मुळांत हळू आवाजाचें वाद्य. पितळी वाद्यांच्या ताफ्यांत तिचें कांहींच ऐकूं येत नसे. १९३२ च्या सुमारास अमेरिकेंत रिकनबॅकर कंपनीनें लोहचुंबकाच्या साह्यानें तारेचें कंपन विजेंत उतरविणारी गिटार विक्रीस आणली. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर नांवाचा गृहस्थ १९३८ पासून रेडिओदुरुस्तीचें दुकान चालवीत होता. गांवच्या वादकांचीं मशिनें दुरुस्त करतां करतां तो स्वतःच तीं बनवूं लागला. १९५२ मध्यें त्यानें ‘बासमन’ नांवाचा अॅम्प्लिफायर काढला. लंडनमध्यें ढोलताशांचें दुकान असलेल्या जिम मार्शल यानें १९६२ च्या सुमारास त्याच्याच नमुन्यावर आपलें यंत्र रचलें. इंग्लंडांतच ‘व्हॉक्स’ कंपनीचा तीस वॅटचा ‘एसी-थर्टी’ त्याच सुमारास प्रसिद्धीस आला. त्याच्या पोटांत ईएल-८४ या जातीचे चार व्हॉल्व्ह असत. याच जातीचा व्हॉल्व्ह त्या काळीं घरगुती रेडिओंतहि वापरीत. मूळ द्रव्य असें सर्वांचें एकच.

पुढें मात्र वाटा फुटल्या. आमच्या मशीनवाल्याचा धर्म असा कीं आवाज स्वच्छ निघावा. तो फाटूं लागला कीं बटण कमी करावें. तिकडच्या तरुण वादकांनीं उलटी रीत धरली. बटण शेवटपर्यंत फिरवावें, व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीबाहेर राबवावें, म्हणजे तो ओरडतो. पण त्या ओरडण्यांत मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर जागे होतात, आणि तुटक नाद सारंगीसारखा लांबतो. १९६४ मध्यें डेव्ह डेव्हीस नांवाच्या इंग्रज वादकानें आवाज फाटावा म्हणून स्पीकरचा कागद वस्ताऱ्याच्या पात्यानें चिरला! आमच्याकडे जी शीळ निघाली कीं मशीनवाला कासावीस होई, तीच जिमी हेंड्रिक्स यानें मुद्दाम काढून तिचें संगीत केलें.

या वादकांपैकीं ब्रायन मे यांची कथा मला विशेष वाटते. त्यांनीं १९६३ पासून वडिलांच्या मदतीनें घरींच आपली गिटार घडविली. तिच्या मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचें लांकूड वापरलें. नखीऐवजीं ते सहा पेन्सचें नाणें वापरतात, आणि आवाजासाठीं त्यांचा जन्माचा सोबती तोच व्हॉक्स एसी-थर्टी. त्यांच्याच संचांतील जॉन डीकन यांस रस्त्याकडेच्या केरांत विजेच्या तुकड्यांची एक टाकून दिलेली पट्टी सांपडली. ती त्यांनीं लहानशा खोक्यांत बसविली, आणि त्या खोक्यांतून मे यांनीं वाद्यवृंदाचा भास होईल असे नाद ध्वनिमुद्रित केले. हेच मे पुढें २००७ सालीं खगोलशास्त्रांत डॉक्टर झाले. याच ‘क्वीन’ संचाचे मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांजिबारच्या पारशी घराण्यांतील फारुख बलसारा, यांचें शालेय शिक्षण आमच्याच महाराष्ट्रांत पांचगणीस सेंट पीटर्स शाळेंत झालें, आणि तेथेंच त्यांनीं सोबत्यांसह पहिला वाद्यसंच उभारला. कोठें पांचगणी आणि कोठें लंडन. पण धागे हे असे गुंतलेले असतात.

फाटलेल्या आवाजांत कसलें संगीत, असें आपणांपैकीं कोणी म्हणेल. त्यांना मी तंबोऱ्याच्या घोडीची आठवण देईन. घोडी आणि तार यांमध्यें सुताचा एक धागा सरकवून आपला कारागीर जवारी लावतो. धागा काढला तर तार स्वच्छ पण कोरडी बोलते. धागा नेमक्या जागीं बसला कीं ती झणझणते, आणि एका षड्जांतून गंधारहि ऐकूं येतो. ही झणझण म्हणजे तारेच्या स्वच्छ नादांत मुद्दाम आणलेला दोषच नव्हे काय? आपल्या पूर्वजांनीं सुताच्या धाग्यानें जें साधलें, तेंच त्या पोरांनीं तापलेल्या व्हॉल्व्हनें साधलें. दोष आणि गुण यांतील अंतर पुष्कळदां कानाच्या संस्कारांत असतें.

१९४७ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला, आणि व्हॉल्व्हचें आयुष्य सरत आलें. नवें यंत्र हलकें, स्वस्त, कमी तापणारें. आपल्याकडे १९५४ सालीं स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यानेंहि बंगळुरास पुष्कळ काळ व्हॉल्व्ह बनविले, पण मागणी संपली तसें तें कामहि संपलें. तिकडच्या वादकांनीं मात्र जुन्या पेट्या सोडल्या नाहींत. त्यांच्यासाठीं आजहि रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथें व्हॉल्व्ह तयार होतात, आणि साठ वर्षांपूर्वींची सुस्थितींतील पेटी नव्यापेक्षां अधिक मोलानें विकली जाते. आमच्याकडे काय झालें? भंगारवाला आला, त्यानें पेटी फोडली, आंतल्या ट्रान्स्फॉर्मरचें तांबें वजनावर घेतलें, आणि कांच उकिरड्यावर गेली. शिरूरच्या बाजारांत अशा तीन पेट्या एका दिवसांत फुटतांना मीं पाहिल्या आहेत. त्यांतील एकीवर मंदिराच्या देणगीदाराचें नांव तेलरंगानें लिहिलेलें होतें.

जुन्या पेटीसाठीं मी हळहळतों, याचा अर्थ गोंगाटाचा कैवार घेतों असा कोणी करूं नये. व्हॉल्व्हची ती पेटी पंचवीस-तीस वॅटची. आज मिरवणुकींत उभ्या राहणाऱ्या भिंती हजारों वॅटच्या, आणि छातींत धडकी भरविणाऱ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली. आजारी माणसें, तान्हीं मुलें आणि अभ्यास करणारे विद्यार्थी यांच्या दृष्टीनें हा नियम योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला कीं, रात्रभर रंगणारा तमाशा कात्रींत सांपडला. ज्या यंत्राच्या आधारानें तो शंभर माणसांवरून दहा हजारांवर गेला, त्याच यंत्राच्या नियमानें त्याची रात्र तोकडी केली. कंठाची जुनी तालीम मोडून गेलेली, आणि यंत्र दहाला बंद. अशा वेळीं कलावंतानें करावें काय? हा प्रश्न पोटाचा आहे, आणि तो केवळ कायद्यावर किंवा केवळ कलावंतावर लोटून चालणार नाहीं.

मला दोन गोष्टी सुचतात. पहिली अशी कीं, कमी आवाजाचा, जवळून ऐकावयाचा, संध्याकाळींच सुरू होणारा तमाशा पुन्हां उभा करावा. आजोबांच्या काळीं यंत्रावांचून जी झील धरीत, ती तरुण मुलांना शिकवावी. दुसरी गोष्ट जुन्या पेट्यांची. शिरूर तालुक्यांत पाबळ येथें डॉक्टर श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला आणि हातानें काम करीत शिकण्याचा धडा घालून दिला. त्याच वृत्तीनें प्रत्येक हायस्कुलांत एक जुनी व्हॉल्व्हची पेटी दुरुस्त करून ठेवावी. विजेच्या पाटाचें तें दार मुलांनीं प्रत्यक्ष प्रकाशतांना पाहिलें, म्हणजे पदार्थविज्ञानाचा एक धडा त्यांना निराळा शिकवावा लागणार नाहीं. मात्र त्या पेटींत प्राणघातक दाबाची वीज खेळते, म्हणून जाणत्या माणसावांचून तिला कोणी हात लावूं नये. आणि गांवांतला म्हातारा मशीनवाला हयात असेल, तर त्याला शाळेंत बोलवून त्याच्या तोंडून त्या काळची हकीकत लिहून घ्यावी. कोणत्या जत्रेंत कोणत्या सालीं पहिला कर्णा वाजला, हें सांगणारीं माणसें आतां बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं आहेत, आणि त्यांचा आवाज वाढविणारें यंत्र कोणाजवळहि नाहीं.